नवरीवाचून गाणं

दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. कासा गावापलीकडच्या माळावर आमच्या पाड्यातल्या बायका गवत कापत होत्या. वारा पडलेला. कमरेएवढं गवत, पण एक पातं हलेल तर शपथ.

"बुधी, हट्ट सोड की," चिमी विळा थांबवून म्हणाली. "परवा जीपवाला सायब येतोय. गुरुजी बोलले, लग्नाची गानी ऐकली का सायब खूश. मंग विहिरीवर सही."

बुधीबाई आमची धवलेरी. लग्नात तिनं गाऊन बोलवावं, तेव्हा पालघट देवी भिंतीवर चितारलेल्या चौकात येऊन बसायची. मगच नवरीला हळद.

"मला नको काय विहीर? माझ्या बी डोईवर हंडाच हाय," बुधी म्हणाली. "पन ह्ये गानं नाय गं, बोलावनं हाय."

"सायब टाळ्या वाजवील नि जाईल!" सोनू हसली.

"सायब जाईल. ती कशी जाईल? आली का ती नवरी मागते. ना मांडव, ना चौक. कोनाला पुढं करू? नि शेवटचं कडवं गाऊन तिला वाटंला लावल्याबिगर उठू नाय."

"आमच्या माना मोडल्या पानी वाहून, नि हिला देव आठवला!" चिमी फणकारली.

"नाच सांगा, म्हातारी नाचंल. ह्ये नाय."

त्या दुपारी भाकरी खायला तिच्याजवळ कुणी बसलं नाही.

ठरल्या दिवशी साहेब आला. शाळेपुढं चिमी-सोनूच गायला बसल्या. इतकी लग्नं बुधीमागं गायलेल्या. चाल पाठ होती.

*कोन्या डोंगरी निजलीस आई,*
*खाली उतर, हळद वाट पाही*

पुढं नवरीचं नाव आलं. चिमी अडली. हसली आणि आपल्याच पोरीचं, नऊ वर्षांच्या हंसाचं नाव तिनं घातलं. तेवढ्यात साहेब घड्याळ बघून उठला. टाळ्या झाल्या. गाणं तिथंच तुटलं. विहिरीच्या कागदावर सही झाली, बायका नाचल्या.

कुडाआड उभी राहून बुधीनं सगळं ऐकलं होतं. माणसं पांगल्यावर ती त्या रिकाम्या अंगणात येऊन बसली. झाडावर एक पाखरू बोलत नव्हतं.

"बुधी, झालं गं समदं," चिमी दबकत म्हणाली. "ऊठ आता."

"पोरीला घरात घे. दार लाव."

चिमीचा चेहरा उतरला. ती पळत सुटली.

बुधीनं डोळे मिटले. तुटलं तिथून गाणं उचललं, आणि नवरीच्या जागी स्वतःचं नाव घालून ते शेवटापर्यंत नेलं.