शेटजींच्या नावाची सावली

मित्रांनो, पोट मोठे आणि तोंड लहान असा मी एक जुना रांजण आहे. सोलापुरात शुक्रवार पेठेच्या कोपऱ्यावर, धर्मशाळेच्या भिंतीला लागून, वाळूत रुतून बसलो आहे. माझ्या सांगण्यात एक अक्षर जरी खोटे असेल, तर मला तडा जावो! डाव्या अंगाला एक दिसतो, तो आधीचा आहे.

माझा जन्म मंगळवेढ्याचा. कुंभाराने माझ्या मातीत घोड्याची लीद मळली होती, त्यामुळे भट्टीतून निघताच मी खिंकाळलो म्हणे. मग बैलगाडीत कडब्यावर बसून इथे आलो आणि चंद्रव्वाच्या पाणपोईत रुजू झालो.

चंद्रव्वा एकटी बाई. गिरणीचा भोंगा झाला की तहानलेली माणसे येत. ती प्रत्येकाच्या तळहातावर आधी गुळाचा खडा ठेवी. "उन्हातनं आलायसा, नुसतं पानी पिऊ नगासा," म्हणे, आणि मग झारीने ओंजळीत धार धरी. माझे पाणी किती गार? एका बोळक्या विणकराचे दात वाजले! येडू धनगराच्या मेंढ्या एकदा प्यायल्या, तर त्यांनी वर्षभर लोकर कातरू दिली नाही.

पुढे एका मोठ्या धर्मादाय मंडळाने आम्हाला पदराखाली घेतले. मंडळाची धर्मशाळा होती, दवाखाना होता, आणखी पाणपोया होत्या, आणि सर्वांत धाकटे आम्ही. जागा आणि रोजची पाण्याची पखाल मंडळाची, राबणे चंद्रव्वाचे. "आता आमी मंडळाचे!" असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. मीही पोट फुगवून बसे.

एका उन्हाळ्यात वावटळीने आमचे गवती छप्पर उडवले. ते थेट अक्कलकोटला जाऊन पडले, असे माझे म्हणणे आहे. चंद्रव्वाने पखालवाल्याबरोबर मंडळाला निरोप धाडला, "छप्पर द्या." आणि काय सांगू, चारच दिवसांत एक भलीथोरली सागवानी फळी आली!

ती होती मंडळाच्या शेटजींच्या नावाची पाटी. भिंतीवर लावायला प्रत्येक शाखेला एकेक पाठवली होती. चंद्रव्वाला वाचता येत नव्हते. मागितले होते छप्पर, आले तेच असणार, असे तिने धरले. चार बांबू रोवून पाटी आडवी टाकली. अक्षरे जमिनीकडे तोंड करून ठेवू नयेत, म्हणून ती आभाळाकडे केली. माझ्या अंगावर छान सावली पडली.

मग एका दुपारी मंडळाचे चिटणीस विरुपाक्षप्पा घाम पुसत आले. दुसऱ्या दिवशी शेटजी स्वतः येणार होते.

"अव्वा, पाटी कुठं आहे?"

"कसली पाटी, अण्णा? हितं छप्पर आलंय की. लई चांगलं हाय."

चिटणिसांनी टाचा उंचावून वर पाहिले आणि कपाळावर हात मारला. "शेटजींचं नाव कावळ्यांना वाचायला ठेवलंस? उद्या सकाळपर्यंत भिंतीवर लाव. नाहीतर मंडळाचं नाव काढून घेतो, पखालही बंद!"

चंद्रव्वाचा चेहरा उतरला. पखाल बंद म्हणजे पाणपोई बंद. तरी ती हळूच म्हणाली, "नाव न्या, अण्णा. पन छप्पर ऱ्हाऊ द्या की. रांजन उन्हात तापतोय."

चिटणीस त्याच सावलीत बसून तीन ओंजळी पाणी मात्र प्याले.

ऊन कलताच चंद्रव्वा बांबू सोडायला लागली, तोच धर्मशाळेपुढे टांगा थांबला. शेटजी एक दिवस आधीच आले होते! ते वर माडीवर गेले, हवा खायला सज्ज्यात उभे राहिले, आणि खाली पाहतात तो काय, स्वतःचे नाव, या टोकापासून त्या टोकापर्यंत!

"विरुपाक्षप्पा!" शेटजी वरून गरजले. "भिंतीवर माझं नाव गाढवंसुद्धा बघत नाहीत. इथून कसं स्वच्छ दिसतंय! आणि खाली माणसं सावलीला बसलीत. कुणाची ही अक्कल?"

चिटणिसांनी माझ्याकडे पाहिले, चंद्रव्वाकडे पाहिले आणि खाकरले. "मंडळाचीच, शेटजी."

"मंडळाचीच की!" चंद्रव्वा पदरात हसली. "आमी कुनाचे मग?"

त्या उन्हाळ्यात मंडळाच्या साऱ्या पाणपोयांना छपरे मिळाली. आमचे अजून आहे. अक्षरे पावसाने धुऊन गेली, सावली तेवढीच पडते.

मित्रांनो, दारात पाण्याचे भांडे ठेवाल, तर आधी त्याच्या डोक्यावर सावली धरा, अंगाला ओले फडके गुंडाळा. आणि माझ्या डाव्या अंगाकडे नीट पाहून घ्या, तडा अजून तेवढाच आहे ना?