कॅलेंडरातले बगळे

"घरच्या मानसाले थँक्यू म्हनते का कोनी? आपन का पाहुने हावो एकमेकाचे?" असं म्हणत रुक्माबाईंनी गोंदाची बाटली उलटी धरून दाबली आणि फचकन निम्मा गोंद कागदावर सांडला.

"आजी, बोलना नहीं है, चिपकाना है," दीक्षा म्हणाली. "ज्यानं तुह्यासाठी काही केलं, त्याची एक वस्तू लावाची. बस."

सुट्टीत शाळेनं नातीला हे आभाराचं पुस्तक करायला सांगितलं होतं. रुक्माबाईंनी आधी त्याची यथेच्छ टिंगल केली. मग तिच्याकडची जास्तीची कोरी वही कुणी बघत नाही असं पाहून स्वतःच्या उशाशी नेऊन ठेवली. त्यांची शाळा दुसरीतच सुटली होती. पण चिकटवायला अक्षर कुठे लागतं?

वस्तू म्हणाल तर त्यांच्याकडे पेटीभर होत्या. उभ्या जन्मात ओटीत आलेले खण, बरेचसे न शिवलेले, घड्या घालून जुन्या कॅलेंडरावर रचलेले. कुठला खण कुणी दिला, हे त्या रंगावरून सांगत. आता एकेकाचा कोपरा कापून त्या पानावर लावत होत्या आणि दीक्षाला ऐकवत होत्या.

हिरवा खण बिसाहिनचा. नवरा नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीत कामाला होता तेव्हाची शेजारीण. मुलाच्या, केदारच्या बाळंतपणात रात्रभर उशाशी बसली. पण माझ्यापेक्षा तीच जास्त ओरडत होती, असं रुक्माबाईंचं म्हणणं. जरीचा मरून लक्ष्मम्माचा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी नळावरून वर्षानुवर्षं भांडल्या. रुक्माबाईंचा नवरा दवाखान्यात होता तेव्हा तिच्याकडून रोज डबा यायचा. इडली कच्ची असायची, पण यायची. जांभळा सिंधुताईंचा.

"हा तं मीच देल्ला होता तिले. फिरून मलेच आला. एक नंबरची चिकट बाई," रुक्माबाई म्हणाल्या, आणि गोंदाचं बोट जरा जास्तच दाबून फिरवलं. "पन मी पडली तवा ऑटो तिनंच आनला."

दीक्षानं पानं मागेपुढे केली. "और मम्मी का पेज?"

"सून कुठं सासूची ओटी भरते? काय लावू तिचं?"

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. क्षणभरानं पुन्हा सुरू झालं.

रुक्माबाईंनी ते ऐकलं. केर काढताना सून, मीनल, रोज ती वही उघडून शेवटच्या पानापर्यंत चाळते आणि होती तशी ठेवते, हेही त्यांनी पाहिलं होतं.

दुपारी दीक्षा ट्यूशनला गेली, मीनल रुआबांध्याच्या बाजारात. केदार फर्स्ट शिफ्टला. सेक्टर दोनमधल्या त्या कारखान्याच्या क्वार्टरात पंखा तेवढा बोलत होता. रुक्माबाई पेटीपुढे बसल्या.

मागच्या वर्षी न्हाणीत पाय घसरला आणि उजवा खांदा मोडला. दिरांसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू न दिलेली बाई, तिला सुनेपुढे उघडं बसायची वेळ आली. अंघोळ मीनलनं घालायची, पोलक्याचे हूकही मीनलनं लावायचे. पहिल्या दिवशी रुक्माबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. बोटं वरवर सरकत होती, आणि लाजेनं जीव नकोसा झाला होता. मग डोळे किलकिले करून पाहिलं तर मीनल त्यांच्याकडे बघतच नव्हती. मान वळवून ती भिंतीवरच्या किराणावाल्याच्या कॅलेंडरकडे बघत होती. तळ्याकाठी बगळे उभे असलेलं चित्र. हूक नुसत्या बोटांनी चाचपून लावणं चाललं होतं. एखादा हूक चुकायचा, पुन्हा काढायचा, पण नजर बगळ्यांवरून हलायची नाही.

हात बरा होईपर्यंत रोज तसंच. रुक्माबाई रोज खेकसायच्या, जरा हळू लाव, का जीव घेतं माहा? मीनल बरं म्हणायची, बगळ्यांकडे बघतच. घरात तिनं याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

रुक्माबाईंनी खण बाजूला सारले आणि पेटीच्या तळाचं ते मागच्या वर्षीचं कॅलेंडर ओढून काढलं. बगळे कापले. एकाचा पाय तुटला, तो नीट जुळवून लावला. मग त्या दिवसांतलं विटकं पोलकं शोधून त्याची हुकांची पट्टी उसवली आणि बगळ्यांच्या खाली, गोंदावर भरवसा नव्हता म्हणून, सुईदोऱ्यानं टाचली.

मीनल घामाघूम होऊन आली. पिशवी टेकवते न टेकवते तोच रुक्माबाईंनी वही पुढे सरकवली. "पाह्य बरं, निंघून तं नाई ना राहिलं."

मीनलनं पान पाहिलं. पट्टीवरून बोट फिरवलं, मग बगळ्यांवरून.

"आई, तुमाले माईत होतं?"

"खांदा मोडला होता माहा. डोये नाई."

मीनलनं पदराचं टोक उचललं. तिचे खांदे हलू लागले तशी रुक्माबाईंनी मान भिंतीकडे वळवली. यंदाच्या कॅलेंडरावर सूर्यफुलांचं शेत होतं. पार लांबवर एक झोपडीही होती. ती त्यांना आजवर दिसलीच नव्हती. मीनलचं नाक ओढणं थांबेपर्यंत रुक्माबाई त्या झोपडीकडेच बघत राहिल्या.