गाडीत काही अर्थ नाही

ब्रेक दाबला की मागचे दोन्ही इंडिकेटर मिणमिणायचे. इंडिकेटर लावला की ब्रेकचे दिवे डोळे मिचकावायचे. दोन इलेक्ट्रिशियन येऊन गेले. एकाने बल्ब बदलले, दुसऱ्याने फ्यूज, आणि शेवटी दोघांनीही हात टेकले. गाडी बावीस वर्षांची. तिची तपासणी आज दुपारी तीनला होती. नापास झाली, तर पाचला भंगारवाला टेम्पो घेऊन येणार, हे धाकट्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

थोरली सकाळी नऊला आली. सतरा वर्षं ती लिफ्ट दुरुस्त करत होती. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांचा आरडाओरडा ऐकत शांतपणे वायरी तपासायच्या, हे तिचं रोजचं काम. घरातल्यांच्या कटकटीने तिच्या हाताचा वेग बदलायचा नाही.

"ताई, तू लिफ्टवाली. लिफ्ट उभी चालते, ही आडवी," धाकटा म्हणाला.

"चालते ना? मग झालं. बाजूला हो, उजेड अडवतोयस."

आई दारातल्या पायरीवर बसली होती. गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तिला दुसऱ्या कुठल्या गाडीत नीट बसता येईना. कुणाची सीट खोल, कुणाचं दार अरुंद. या एकाच गाडीतून ती कुणाचा हात न धरता उतरायची. भंगाराचा विषय निघाल्यापासून ती मोजकंच बोलत होती.

बाबा फडकं घेऊन गाडीभोवती घुटमळत होते. ते रंगारी. काम सोडल्यावर, दोन महिन्यांपूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने गाडी हिरवीगार रंगवली होती. बाहेरून तर रंगवलीच, पण डिकीतलं कार्पेट काढून आतूनही. "एवढं रूप उजळलंय आणि म्हणे भंगार," ते फडक्याशीच बोलल्यासारखं पुटपुटले.

थोरलीने बॅटरी मोजली, ठीक होती. दिव्यापर्यंत वीज येत होती. बल्ब नवे होते. मग ही वीज जाते कुठे? साडेअकरा वाजले. धाकट्याने तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं.

"ताई, सोड आता. या गाडीत काही अर्थ नाही."

थोरलीचा हात थांबला.

"परत बोल."

"काय परत बोलू? अर्थ नाही म्हटलं."

"अगदी बरोबर! जन्मात पहिल्यांदा मुद्द्याचं बोललास."

तिने पिशवीतून एक लांब काळी वायर काढली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं मागच्या दिव्याच्या काळ्या वायरीला. "बाबा, ब्रेक दाबा."

दोन्ही लाल दिवे ठसठशीत पेटले. इंडिकेटर गप्प राहिले.

"वीज दिव्यात जाते, पण परत यायला तिला वाट नाही," ती म्हणाली. "ही काळी वायर पत्र्याला घट्ट टेकलेली लागते. आमच्या भाषेत तोच अर्थ, अर्थिंगमधला. तो नसला की वीज शेजारच्या दिव्यांतून वाट काढते. म्हणून हा धिंगाणा."

काळ्या वायरीचा माग काढत ती डिकीच्या कोपऱ्यातल्या एका बोल्टपाशी पोहोचली. बोल्ट उघडला. खाली हिरवागार, आरशासारखा गुळगुळीत रंग. भोकाच्या आट्यांतसुद्धा.

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

"प्रायमर, आणि वर दोन हात," बाबा म्हणाले. "गंज आधी बोल्टखालीच धरतो. चाळीस वर्षांत मी कुठे उघडं लोखंड ठेवलं नाही." मग त्यांचा आवाज उतरला. "म्हणजे हे माझ्यामुळे?"

"रंग इतका पक्का बसलाय की विजेचीही डाळ शिजेना. तक्रार समजायची की कौतुक, तुम्ही ठरवा."

तिने स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडायला घेतला, तसे बाबा पुढे झाले. "थांब! वाटोळं करशील. आण इकडे."

त्यांनी पॉलिश पेपर बोटाला गुंडाळला आणि बोल्टपुरतंच, नाण्याएवढं वर्तुळ घासून काढलं. कड इतकी साफ, की जणू कंपासने आखलेली. खालचा पत्रा चकाकला. थोरलीने आटे साफ केले, वायर बसवली, बोल्ट आवळला.

तीनला तपासणी केंद्रावर तपासनीस गाडीमागे उभा राहिला. "ब्रेक. डावा. उजवा. परत ब्रेक." बाबा स्टिअरिंग घट्ट धरून सांगेल ते करत होते. थोरली हाताची घडी घालून उभी होती. दिव्यांकडे तिने पाहिलंही नाही. तपासनीसाने कागदावर शिक्का मारला.

धाकट्याने तिथूनच फोन लावला. "अहो, येऊ नका. नाही हो, दुसऱ्याला नाही दिली. पास झाली." थोडं थांबून, "हो, तीच!" गाडीत बसलेली आई खळखळून हसली.

बाबांनी मात्र अजून गाडी सुरू केली नव्हती.

"एक सांगायचं राहिलं," ते थोरलीला म्हणाले. "बॉनेटखाली असेच तीन बोल्ट आहेत. अजून धरून आहेत, पण..."

"तिथेही दोन हात?"

"तीन. दर्शनी भाग ना."

थोरलीने बॉनेट उघडलं. "पॉलिश पेपर आहे ना खिशात? या खाली."