नारळही दोन बोटं उतरला

त्या गुरुवारी नवघरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माइकवर गळेश्वर महाराज गर्जत होते, "डॉक्टरची सुरी कापते, माझा दोरा विरघळवतो!"

समोर माझी शेजारीण रंभा बसली होती. तिच्या गळ्यातली गाठ सुईने तपासली, तर थायरॉइडचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. पण महाराजांनी पाच गुरुवार यायला सांगितले आणि तिने ती तारीख सोडली. मी सोबत आले होते, ते भांडायलाच.

महाराजांनी पहिल्या गुरुवारी खूण करून ठेवलेला लाल दोरा तिच्या गळ्याभोवती फिरवला. टोक खुणेच्या दोन बोटं पुढे गेलं.

"दो उंगली उतर गयी! डॉक्टर को बोलो, चाकू से भाजी काटो!"

टाळ्या. रंभाचा नवरा बबन तर रडायलाच लागला.

मी ब्लाउज शिवते. पर्समध्ये टेप असतोच. तिथेच रंभाच्या गळ्याचं माप घेतलं, चौदा इंच. गेल्या महिन्यात कॉलरच्या ब्लाउजसाठी घेतलं, तेव्हाही चौदाच. मग मी तोच दोरा उचलून ताटातल्या नारळाला सैल गुंडाळला, खूण केली आणि पुन्हा जरा ओढून गुंडाळला. नारळही दोन बोटं उतरला.

"महाराज, नारळालाही कॅन्सर होता का?"

"श्रद्धा नसलेल्या हातात दोरा ताणला जातो!"

"ताणला जाणारच. आत इलास्टिक आहे. चड्डीला लावतात तेच."

हॉल हसला. बबन मात्र हसला नाही. "उर्मिलाताई, पन आमची मंदावयनी? तिलाबी ह्योच रोग. वरीस झालं, दोऱ्यावरच हाय. धडधाकट हाय ना?"

दुसऱ्या दिवशी रंभाला घेऊन आम्ही ऑपरेशनची तारीख देणाऱ्या डॉक्टर हेमांगींकडे गेलो. बबनने तिथेही हेच विचारलं.

"बबनभाऊ, हा कॅन्सर बहुधा सावकाश वाढतो," त्या म्हणाल्या. "वर्षभर काही न जाणवणं हा त्याचा स्वभाव, दोऱ्याचा गुण नव्हे. पूर्वी आम्ही जवळजवळ सगळ्यांचीच पूर्ण थायरॉइड ग्रंथी काढायचो. आता गाठ लहान आणि एकाच बाजूला असेल, तर बऱ्याचदा अर्धी काढून भागतं. अगदी बारीक असेल तर कधी कधी नुसतं सोनोग्राफीने लक्ष ठेवतो. वेळेवर आलेले बहुतेक पेशंट वीस-वीस वर्षं छान जगतात. पण वेळेवर यायला हवं. आणि मंदाताईंनाही घेऊन या."

रंभाची अर्धी ग्रंथी काढली. पंधरा दिवस आवाज घोगरा होता; आता बबनवर पहिल्यासारखी ओरडतेय. मंदाचा रोग मात्र मानेतल्या गाठींपर्यंत पसरला होता. तिला मोठं ऑपरेशन लागलं, वर आयोडीनचं औषध. तीही सावरतेय.

"वरीस फुकट घालवलं," ती मला म्हणाली. "मी सगल्यांना सांगत सुटले, बरी झाले. मना कोनी इचारलंच न्हाय, कशावरून?"

तुमच्या घरात कोणी असं बरं होत असेल, तर हात जोडण्याआधी तेवढं विचारा. आणि उत्तर डॉक्टरांकडून तपासून घ्या.