यंत्राची नाडी

प्रयोगशाळेचे संगणक सांभाळणाऱ्या मामांनी स्क्रीनवर तळहात टेकवला, तशी अख्खी प्रयोगशाळा त्यांच्या खुर्चीभोवती गोळा झाली. रक्त तपासणाऱ्या बाई तर हातातली नळी खाली ठेवायलाही विसरल्या. मामांनी डोळे मिटले.

"नाडी मंद लागतेय. तीन वाजता यंत्र बसणार. कुणाचा तरी हात बाधतोय."

बरोबर तीनला रिपोर्ट निघायचे थांबले. मामांनी काहीतरी पुटपुटत कीबोर्डवर बोटं फिरवली आणि चार मिनिटांत सगळं सुरळीत! वर्षभरातली ही नववी खेप. 'बाधणारा हात' म्हणून एका तंत्रज्ञाची नोकरीही गेली होती.

त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या भाचीला हे काही पटेना. मामांवर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता. वडील गेल्यावर त्यांनीच तिला शिकवलं, इथे चिकटवलं. पण बिघाडाला कारण असणारच, एवढं तिला ठाऊक होतं. प्रयोगशाळेचं सगळं काम क्लाउडवर, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेल्या तीन व्हर्च्युअल मशीनवर चाले. बिघाड झाला की त्यांच्या नोंदी, म्हणजे लॉग, दर वेळी कोरे सापडत. "यंत्राची शुद्ध हरपते," मामा सांगत आणि लोक माना डोलावत.

मामा आठवडाभर रजेवर गेले, तेव्हा तिने साहेबांना विचारून चौथं मशीन घेतलं आणि त्यावर लॉग तपासणारी सेवा बसवली. तिन्ही मशीनवर ओळ उमटली की तिची नक्कल त्याच क्षणी इथे. तिथे कुणी पुसली, तरी इथे शाबूत.

मामा परतले ते दहावं भाकीत घेऊनच. तेही खरं ठरलं. संध्याकाळी ती नोंदी वाचायला बसली. सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी कुणीतरी आत शिरलं होतं आणि तीनच्या ठोक्याला डिस्क गच्च भरेल असं काम लावून गेलं होतं. यंत्र बसल्यावर त्यानेच कचरा काढला, नोंदी पुसल्या. आत शिरायला वापरलेलं खातं होतं तिचं स्वतःचं.

दहा वाजता ती दातांच्या डॉक्टरांसमोर आ वासून बसली होती. पासवर्ड तिने एकाच माणसाला सांगितला होता. नोंदीत खात्यापुढे पत्ता होता तो मामांच्या टेबलावरच्या संगणकाचा.

"या खेपेला कुणाचा हात बाधणार होता, मामा?" तिने त्यांच्यासमोर कागद ठेवला.

मामांनी कागद वाचून तिच्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "नवी माणसं आल्यापासून मला कुणी विचारत नव्हतं गं. तुझ्यावर आलं असतं, तर मी सांभाळून घेतलं असतं."

हे शेवटचं वाक्य तिला सगळ्यात जास्त लागलं. तिने कागद उचलला आणि साहेबांकडे गेली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मामांना घरी बसवलं आणि त्या तंत्रज्ञाला स्वतः फोन करून माफी मागितली. तिने सगळ्यांना ओळ न् ओळ दाखवली. रक्त तपासणाऱ्या बाईंनी हळूच विचारलं, "मग आता यंत्र कधी बसेल, हे आम्हाला कोण सांगणार? तू?"

"मीही नाही," ती म्हणाली. "माझं माणूस म्हणून मी विचारायचं सोडलं, तिथेच फसले. नोंदी आजपासून सगळ्यांना उघड्या आहेत. मी सांगितलं तरी आधी विचारा, कशावरून? आणि स्वतः वाचून बघा."