ओव्हाळांची बॅटरी

घरासाठी बॅटरी घ्यायची की जनरेटर, हे ठरवायला बाबुराव ओव्हाळांनी सव्वादोन महिने लावले. मुलीचं लग्न ठरवतानाही त्यांनी इतकी चौकशी केली नव्हती. पण इथे प्रश्न नंदाच्या श्वासाचा होता. त्यांच्या बायकोची फुप्फुसं आखडत चालली होती, डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं होतं आणि ते मशीन विजेवर चालायचं. वीज गेली की मशीन गप्प. कोपऱ्यात एक लहान सिलिंडर उभा होता, पण त्याची चावी नंदाच्या हातानं फिरत नसे. आणि त्यांच्या वारज्याच्या गल्लीत वीज कधी जाईल आणि कधी येईल, हे सांगायला ज्योतिषीसुद्धा धजला नसता.

आम्रपाली, त्यांची एकुलती एक मुलगी, लग्नानंतर पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, मांजरीला राहायची. तिचं म्हणणं सरळ होतं. जनरेटर घ्या, पेट्रोल ओतत राहा, तो चालत राहील. बॅटरी संपली की संपली, मग काय करणार? बाबुरावांना मुद्दा कळत नव्हता असं नाही. पण जनरेटर ठेवायचा कुठे, तर गॅलरीत, आणि गॅलरी नेमकी नंदाच्या खोलीला लागून. जिला उदबत्तीचा धूर सोसत नाही, तिच्या उशाशी पेट्रोलचा धूर सोडायचा? शिवाय तो सुरू करायला दोरी ओढावी लागते. पाण्याचा तांब्या उचलताना धाप लागणारी बाई दोरी काय ओढणार, कपाळ! सोसायटीच्या सेक्रेटरी सुहासिनीबाईंनी तर पुरतं ऐकूनही न घेता सांगितलं, की इमारतीत आवाज करायला माणसं पुरेशी आहेत, यंत्र आणायची गरज नाही.

तेव्हा बॅटरीच आली. चांगली, लिथियमची, रोजचा हिशेब स्वतःच ठेवणारी. दुकानातल्या माणसानं सांगितलं, एकटं मशीन लावलंत तर सहा तास चालेल. झालं! हे सहा तास बाबुरावांच्या डोक्यात असे जाऊन बसले की विचारू नका. माणूस छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या भांडारात काढलेला. वापरलेली रिफील परत घेतल्याशिवाय नवी रिफील त्यांनी साहेबालाही दिली नव्हती. आता सहा तासांची बॅटरी म्हणजे त्यांचं नवं भांडारच झालं. वर भिंतीवर त्यांनी सुवाच्य अक्षरात पाटी लावली: ‘ही बॅटरी श्वासासाठी आहे. हौसेसाठी नाही.’ येणारे-जाणारे वाचून हसायचे. नंदाही पहिल्यांदा हसली होती.

मे महिन्यात त्यांची बहीण पद्मजा जेवायला आली आणि नेमकी वीज गेली. चटणी अर्धवट वाटून झाली होती, म्हणून नंदानं बॅटरीवर मिक्सर फिरवला. अर्धं मिनिट, फार तर. बाबुराव न्हाणीघरातून तसेच ओले बाहेर आले आणि बहिणीच्या देखत म्हणाले, “उधळ. तुझाच श्वास आहे तो.” नंदानं भांडं खाली ठेवलं. त्या दिवशी पानात चटणी भरडच वाढली गेली. बाबुरावांना नंतर वाईट वाटलं, पण वाईट वाटलं हे बायकोला सांगायची त्यांच्या पिढीत कुणाला सवय होती? त्यांनाही नव्हती.

तेव्हापासून वीज गेली की नंदा स्वतःच उठायची. नाकाची नळी मागे ओढत, भिंतीला धरून धरून, घरभर फिरून एकेक बटण बंद करायची. बाबुराव मनात म्हणायचे, चला, शिस्त लागली. आंघोळीच्या वेळी ती नळी काढून ठेवायची आणि दहा मिनिटं स्टुलावर बसून राहायची. बसून राहिलं की जमतं मला, असं ती म्हणायची. हे त्यांनी बरेचदा ऐकलं होतं, पण कधी कानाआड केलं ते त्यांनाच कळलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाला वीज गेली. चौकात कुणा ठेकेदारानं रस्ता खणताना जमिनीतली केबल तोडली होती. बारापर्यंत वीज येईना, तक्रारीचा फोन कुणी उचलेना. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं. बाबुरावांनी एरवी कधी केलं नसतं ते केलं, बॅटरीवर नंदाच्या डोक्यावरचा पंखा एकच्या आकड्यावर लावला. मग ते विचारपूस करायला स्वतःच निघाले. घरात मोबाइल एकच, तो तिच्या मांडीवर ठेवला, पाण्याचा पेला जवळ सरकवला आणि दारातून वळून म्हणाले, “बॅटरी जपून वापर गं. कधी येतेय वीज, देव जाणे.”

नंदानं मान हलवली. हातानंच जा म्हणून खूण केली.

वीज कार्यालयात ही गर्दी. तासाभरानं खिडकीवरचा माणूस म्हणाला, संध्याकाळ होईल, आजोबा. संध्याकाळ! बाबुरावांनी बोटांवर तास मोजले. साडेदहा अधिक सहा म्हणजे साडेचार. पुढे काय? मग या हट्टी माणसानं सव्वादोन महिन्यांचा हट्ट फुटपाथवर टाकला आणि सरळ मांडववाल्याचं दुकान गाठलं. गणपतीत लावतात तसला एक लहान जनरेटर भाड्यानं ठरवला. धूर तर धूर, दार-खिडक्या लावून घेऊ, वायर जिन्यातून नेऊ, सुहासिनीबाईंच्या पाया पडू. टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून ते घरी आले तेव्हा पावणेतीन वाजले होते. टेंपोवाल्याला थांब म्हणून ते तीन मजले धापा टाकत चढले.

घरात मशीनचा आवाज नव्हता. नंदा खुर्चीत होती, मान खांद्यावर टेकलेली. नळी तिनं नीट गुंडाळून खुर्चीच्या हातावर ठेवली होती. बाबुरावांनी सिलिंडरची चावी फिरवली, नळी तिच्या नाकाशी धरली, हाका मारल्या. शेजारच्यांनी खुर्चीसकट तिला खाली नेलं. भाड्याच्या जनरेटरच्या टेंपोतूनच तिला दवाखान्यात नेलं आणि तिथे डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

बॅटरीनं दगा दिला, असं सगळेच म्हणाले. दुसरं काय म्हणणार? बाबुरावही तेच समजून चालले. आपण चुकीची वस्तू निवडली, मुलगी सांगत होती तेव्हा ऐकायला हवं होतं, हा सल त्यांच्या छातीत रुतून बसला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, भन्तेजींचं बोलणं झालं, माणसं जेवून पांगली, तेव्हा आम्रपाली पद्मजाआत्याला सांगत होती, की मी घसा फोडून सांगत होते जनरेटर घ्या म्हणून. बाबुरावांनी ते ऐकलं. खरंच आहे तिचं, असं त्यांना वाटलं.

पुढच्याच आठवड्यात आम्रपालीनं दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं आणि बॅटरी तपासायला त्यांचा तंत्रज्ञ आला. रणजित नावाचा तिशीचा मुलगा, बोलायला मऊ. आम्रपाली तेव्हा तक्रारीच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला खाली गेली होती. रणजितनं मोबाइल बॅटरीला जोडला, त्या मंगळवारची नोंद उघडली आणि बघतच राहिला. मग तो खाली बाबुरावांच्या शेजारी येऊन बसला.

“काका, ही संपली नव्हती,” तो म्हणाला. “वीज आली तेव्हाही बावन्न टक्के होती.”

बाबुरावांना काही उमगेना. रणजितनं पडद्यावरची वीज-वापराची रेघ दाखवली. साडेदहापासून ती सरळ चालली होती. बाराच्या सुमारास जराशी वर चढली आणि बारा वाजून वीस मिनिटांनी पुन्हा खाली आली. हा पंखा असावा, कुणीतरी बंद केला. नंतर एक वाजून दहा मिनिटांनी रेघ एकदम जमिनीला टेकली. हे मशीन, तो म्हणाला. बिघाड नाही, इन्व्हर्टर शेवटपर्यंत चालूच होता. मशीनचं बटण हातानं बंद केलेलं आहे.

बारा वाजून वीस. बाबुराव सव्वाबाराला घराबाहेर पडले होते. ते गेट ओलांडेपर्यंत तिनं उठून पंखा बंद केला होता. आणि मग वीज येत नाही, हेही येत नाहीत, संध्याकाळपर्यंत पुरायला हवं, म्हणून पुढचं बटण. थोडा वेळ बसून राहिलं की जमतं मला. जपून वापरली तिनं. त्यांनी सांगितलं तशी, अगदी काटेकोर. रणजितनं पाणी हवंय का विचारलं, ते नको म्हणाले. तो केव्हा उठून गेला ते त्यांना समजलं नाही.

आम्रपाली वर आली ती हातात ग्राहक मंचाचा अर्ज घेऊनच. सगळं लिहून झालं होतं, बॅटरी सदोष होती, सहाऐवजी चार तासांतच बंद पडली, त्यामुळे आई गेली. खाली फक्त बाबुरावांची सही हवी होती. तिनं पेन उघडून त्यांच्या हातात दिलं आणि विचारलं की तो माणूस काय म्हणाला, टाळाटाळच केली असेल ना.

बाबुरावांनी पेन धरलं. सही केली असती तर काय मोठं बिघडणार होतं? कंपनी लढली असती, रेघ दाखवली असती, पण कंपन्या असंच बोलतात म्हणून मुलीनं ती मानली नसती. आई बॅटरीमुळे गेली असं समजून ती जगली असती. रविवारी मांजरीहून येऊन वडिलांना जेवायला वाढलं असतं. लेकीची ही एवढीच माया आता त्यांच्याकडे उरली होती आणि तीही जाईल अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलंसुद्धा.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बॅटरी चांगली होती,” ते म्हणाले. “अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. मशीन तुझ्या आईनंच बंद केलं.”

“आईनं? का?”

“मी ओरडेन म्हणून.”

आम्रपाली रडेल, भांडेल, काहीतरी बोलेल, म्हणून ते वाट बघत होते. तिनं अर्ज उचलला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. दारात चप्पल घालताना ती ‘येते’ म्हणाली नाही. ‘जाते’ म्हणाली.