गळ्यातल्या ग्रंथीवर आलेला आळ

मी थायरॉईड बोलतेय. असं म्हणताना मलाच संकोच होतो, कारण माणसाचा आवाज जिथून निघतो त्या कंठाच्या अगदी खाली मी श्वासनलिकेला बिलगून बसते, पण आजवर एक शब्दही उच्चारलेला नाही. शेजार गाणाऱ्याचा आणि आपण मुक्या, असा प्रकार. तेव्हा बोलण्यात काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

पुस्तकात मला फुलपाखराची उपमा देतात. मला ती जरा जास्तच वाटते. माझे दोन भाग आहेत, मधे एक छोटा पूल आहे आणि रंग तांबूस तपकिरी. उडण्याचा प्रश्नच नाही. माझी मालकीण आईच्या पोटात असताना मी तिच्या जिभेच्या मुळाशी तयार झाले आणि हळूहळू खाली सरकत गळ्यात येऊन थांबले. माझा सगळा प्रवास तेवढाच.

काम म्हणाल तर मिठातून आलेलं आयोडीन रक्तातून टिपायचं, त्याचं हार्मोन करायचं, थोडं साठवायचं आणि थोडं सोडायचं. लाळेच्या ग्रंथींना नळ्या असतात, त्यांचा माल कुठे जातो ते दिसतं. मला नळी नाही. मी सोडलेलं सरळ रक्तात मिसळतं आणि डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत फिरतं. हृदयाने किती पळावं, अंगात ऊब किती राहावी, खाल्लेलं किती भराभर जळावं, हे त्यावर ठरतं. ते जास्त झालं तर माणूस बसल्या जागी धावत असतो, खातो भरपूर आणि वाळत जातो. कमी पडलं तर पेंगतो, सुजतो, भर उन्हात स्वेटर शोधतो.

सुदैवाने किती सोडायचं हे माझ्यावर सोपवलेलं नाही. ते थोरली बघते. थोरली म्हणजे मेंदूच्या तळाशी लोंबणारी, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी, पिट्युटरी. रक्तात माझा माल कमी झाला की ती निरोप धाडते, ‘अगं, आटप!’ पुरेसा झाला की तिचा आवाज खाली येतो. फारच झाला तर ती बोलणंच बंद करते. डॉक्टर लोक याच भांडणावरून आजार ओळखतात. रक्त घेऊन माझा माल मोजतात आणि थोरलीचा निरोपही मोजतात. माल कमी आणि थोरली ओरडतेय, तर मी आळशी. माल जास्त आणि थोरली गप्प, तर मी माजलेली.

माझी मालकीण चष्म्याच्या दुकानात काचा बसवते. काचेची कड घासून फ्रेमच्या खाचेत अशी बसवायची की कचकन आवाजही होऊ नये. दिवसभर मान खाली, हात स्थिर. मी मानेच्या घडीत दबून जाते, पण तक्रार नाही. तिच्या हाताच्या स्थिरतेत माझाही खारीचा वाटा आहे, असं मी मनात म्हणायची. मोठ्याने म्हणायचं धाडस नव्हतं.

मग तिला ताप आला. चांगला आठवडाभर अंथरुणाला खिळली आणि उठली. दोन-तीन महिने गेले आणि केस गळायला लागले. कंगव्यात केस, उशीवर केस, एकदा तर गिऱ्हाइकाच्या नव्या चष्म्याच्या बिजागरीत केस.

‘वहिनी, फ्रेमबरोबर केस फुकट का?’ दुकानातला सहकारी म्हणाला. ती हसली, पण घरी आल्यावर आरशासमोर बराच वेळ उभी राहिली.

सासूबाईंनी ते पाहिलं. सासूबाई म्हणजे मायाळू तोफ. दुसऱ्या दिवशी सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानातून त्या एक गुलाबी डबी घेऊन आल्या.

‘हे घे. माझ्या बहिणीने घेतलं, बघ कसं जंगल माजलंय डोक्यावर. आणि एक नको, दोन-दोन घे. तुझं टक्कल बघायला मी काही जगत नाहीये.’

‘आई, औषध असं विचारल्याशिवाय...’

‘औषध कुठाय? केसांचं आहे ते!’

त्या घरात हे असंच होतं. औषध म्हणजे डॉक्टरने लिहून दिलेलं, चवीला वाईट आणि आजार असेल तरच घ्यायचं. बाकी सगळं ‘केसांचं’, ‘हाडांचं’, ‘झोपेचं’. ते औषधात धरायचंच नाही. गुलाबी डबी चहाच्या डब्याशेजारी जाऊन बसली.

केस थांबेनात, म्हणून मालकीण डॉक्टरांकडे गेली. केस गळण्यामागे कधीकधी माझा हात असतो, त्यामुळे त्यांनी माझी तपासणी सांगितली. मी म्हटलं, करा बापडे. मी काही केलेलं नाही.

अहवाल आला आणि माझ्या पायाखालची... पाय मला नाहीत, पण समजून घ्या. माझा माल भरमसाठ! थोरली जवळजवळ मुकी! आणखी एक तपासणी केली, तर मला चिथावणारे विरोधी कण, म्हणजे अँटीबॉडीज, हेही रक्तात आहेत असं निघालं. म्हणजे आजार पक्का.

आता गंमत ऐका. थोरली माझ्याशी रोजच्यासारखी बोलत होती! त्याच सकाळी तिने मला नेहमीप्रमाणे हटकलं होतं. पण यंत्रातून निघालेल्या आकड्यांपुढे आपण कोण? मी विचार करायला लागले, की मला भास तर होत नाहीत? मी नकळत जास्त सोडत असेन का? आपल्याला आपलं कुठे कळतं? मी साठा चाचपला, पुन्हा चाचपला. ठीक वाटत होता. पण ठीक वाटण्यावर माझा कधीच फार विश्वास नव्हता.

मालकिणीचीही तीच गत. अहवाल वाचल्यापासून तिची छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले. दुकानात एक महागडी काच तिच्या बोटांतून निसटून फुटली.

‘बघा, थायरॉईड!’ सगळे म्हणाले.

ती थरथर माझी नव्हती हो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोप्यांसारख्या बसलेल्या दोघी आहेत, ॲड्रिनल नावाच्या. माणूस घाबरला की त्या रक्तात असा काही फवारा मारतात की हृदय उड्या मारतं आणि तळहाताला घाम फुटतो. काम त्यांचं आणि नाव माझं. पण माझ्या वतीने कोण बोलणार?

मोठ्या डॉक्टरांकडे तिघं गेली. मालकीण, तिचा नवरा आणि ‘मी घरी बसून काय करू’ म्हणत सासूबाई. हे डॉक्टर आम्हा ग्रंथींचेच. वय झालेलं, चष्मा कपाळावर, आणि प्रत्येक वाक्यानंतर ‘की नाही?’ असं स्वतःलाच विचारण्याची सवय.

‘काही औषध चालू?’

‘नाही,’ मालकीण म्हणाली. खोटं बोलली नाही ती.

डॉक्टरांनी समजावलं. आधी मला गप्प करणाऱ्या गोळ्या, वर्ष-दीड वर्ष. तेवढ्याने भागलं नाही तर किरणोत्सारी आयोडीन प्यायचं. त्याने ग्रंथी जळून जाते आणि मग आयुष्यभर रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची.

मी ऐकत होते. त्या आयोडीनची भीती कशाची, सांगू? ते कोणी माझ्यावर ओतणार नव्हतं. ते रक्तातून येणार आणि मी स्वतःच हावरटासारखी उचलून घेणार. मला साधं आयोडीन आणि जळतं आयोडीन यातला फरक कळत नाही. आणि माझ्या हातून काही घडलेलंच नसेल, तर गप्प करणाऱ्या गोळ्यांनी मालकीण खरोखरच आजारी पडणार, भर उन्हात स्वेटर शोधणार.

चिठ्ठी लिहून झाली. नवऱ्याने ती घडी करून खिशात ठेवली. तिघं उठली. निरोप घेताना डॉक्टरांनी मालकिणीचा हात हातात घेतला, धीर द्यायला. आणि सोडलाच नाही.

‘हात गार आहे तुमचा,’ ते म्हणाले.

‘एसी...’

‘नाही, नाही. बसा जरा. माझं काहीतरी चुकतंय. की नाही?’

तिघं पुन्हा बसली. सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. म्हाताऱ्याला विसर पडतोय की काय, असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

‘ग्रंथी एवढी जोरात चालत असेल तर तळहात उबदार लागतात,’ डॉक्टर म्हणाले. ‘तुमचा ओला आहे, पण गार. घाबरलेल्या माणसाचा असतो तसा. वजन कमी झालंय?’

‘वजन?’ नवरा म्हणाला. ‘त्या बाबतीत घरात शांतता आहे.’

‘तू गप्प बैस!’ मालकीण आणि सासूबाई एकदमच म्हणाल्या.

डॉक्टरांनी तिला पुन्हा तपासलं. माझ्यावर बोटं ठेवून पाणी गिळायला सांगितलं. मी तिच्या घोटाबरोबर वर गेले, खाली आले, शक्य तितक्या सभ्यपणे. मग त्यांनी नाडी धरली आणि विचारलं, काच फ्रेममध्ये बसवताना ती फुटत कशी नाही? मालकीण सांगायला लागली. कड कशी घासायची, कुठे थांबायचं, बोटाला कसं कळतं. सांगता सांगता नाडी खाली आली. खऱ्या आजारात ती अशी गप्पांनी खाली येत नाही.

‘मी मघाशी प्रश्न चुकीचा विचारला,’ डॉक्टर म्हणाले. ‘औषध सोडा. सकाळी उठल्यापासून तुमच्या तोंडात काय काय जातं, ते सांगा.’

‘पाणी. चहा.’

‘आणि तोंडातून बाहेर काय काय येतं, ते मी सांगतो,’ नवरा म्हणाला.

‘आणि केसांचं,’ सासूबाई म्हणाल्या.

‘केसांचं म्हणजे?’

‘ते औषध नाही हो,’ सासूबाईंनी पिशवीतून गुलाबी डबी काढली. ‘दुपारचं चुकायला नको म्हणून बरोबर आणलंय.’

डॉक्टरांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. डबीवरची बारीक अक्षरं वाचली. मग खुर्चीत मागे रेलून असे हसले, की मदतनीस बाई दारातून डोकावल्या.

डबीत बायोटिन होतं. साधं जीवनसत्त्व, पण चांगलं दणकून. काही प्रयोगशाळांच्या यंत्रांत हार्मोन पकडायला हेच बायोटिन डिंकासारखं वापरतात. रक्तातच ते उतू जात असेल तर यंत्र गोंधळतं. माझा माल खोटाच चढतो, थोरलीचा निरोप खोटाच पडतो, आणि ते विरोधी कणही नसताना दिसतात. तिन्ही साक्षीदार एकच खोटं बोलत होते, कारण तिघांना एकाच डबीने पढवलं होतं.

सासूबाईंचा चेहरा पडला. ‘म्हणजे मी सुनेला... विष दिलं?’

‘छे हो. यंत्राला चकवलं, एवढंच. तरी अजून खात्री नाही. आठवडाभर हे बंद ठेवा आणि पुन्हा रक्त द्या.’ नवऱ्याकडे हात करून ते म्हणाले, ‘आणि ती चिठ्ठी इकडे आणा. चुकून गोळ्या घ्याल.’

‘आणि केस?’ मालकिणीने हळूच विचारलं.

‘तापानंतर गळतात. आपले आपण परत येतात. त्यांना कोणी सांगावं लागत नाही.’

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. डबी बंद झाल्यावरही आकडे तेच निघाले तर? थोरली मात्र रोजच्या रोज हटकत होती, आणि मी दर वेळी खात्री करत होते, की हा खराच तिचा आवाज ना?

दुसरा अहवाल मालकिणीने दुकानातच उघडला. माल बरोबर. थोरली बरोबर. कण नाहीत. तिने तो दोनदा वाचला, मग शेजारच्या टेबलावरचा दुसऱ्याचा चष्मा लावून तिसऱ्यांदा वाचला. आणि एक सुस्कारा सोडला, इतका लांब, की श्वासनलिकेला टेकलेली मी त्या वाऱ्याने आतून थरथरले. सुटलो गं बाई, असं म्हणता आलं असतं तर मीही म्हटलं असतं.

आता त्या घरात औषध या शब्दाला भलताच मान आला आहे. परवा सासूबाई दाढ दाखवायला गेल्या, तेव्हा ‘काही औषध घेता?’ एवढं विचारायचा अवकाश, की त्यांनी खोकल्याच्या गोळीपासून पायाला लावायच्या मलमापर्यंत सगळं म्हणून दाखवलं.

‘आई, दंतमंजन राहिलं,’ मुलगा म्हणाला.

‘लिहून घ्या हो, दंतमंजन,’ त्या डॉक्टरला म्हणाल्या.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्याही गळ्यात माझी एक बहीण बसली आहे, मुकी आणि भिडस्त. रक्त द्यायला जाल तेव्हा केसांचं, हाडांचं, झोपेचं, सगळं सांगा. तिला स्वतःची बाजू मांडता येत नाही.

मालकिणीच्या कपाळावर आता बारीक, उभे केस आले आहेत. कितीही चापून बसवले तरी ते बसत नाहीत. सकाळी विंचरून झालं की तिचा हात गळ्याशी येतो, क्षणभर माझ्यावर टेकतो. हात उबदार असतो, पण वाजवीपेक्षा जास्त नाही. मी तपासून पाहिलं आहे.